हलके, महागडे स्पोक: पैसे वसूल की नुसती हौस?

धागाकर्ता: सायकलची नवी चाके बांधून घेताना ‘सापिम सीएक्स-रे’ किंवा ‘डीटी स्विस एरोलाइट’ असे चपटे स्पोकच घ्यावेत, असा आग्रह मला होत आहे. तो मला पटत नाही. मध्यभागी १.८ मिलिमीटरपर्यंत बारीक केलेला चांगला गोल स्पोक साधारण पावणेसहा ग्रॅमचा असतो आणि हे चपटे स्पोक सव्वाचार ग्रॅमच्या आसपास भरतात. पुढे २० आणि मागे २८ स्पोक धरले, तर तिप्पट-चौपट पैसे मोजून वाचतात सत्तरेक ग्रॅम. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन असेल, तर तासाभराच्या चढात यातून तीनेक सेकंद मिळतात. फिरणारे वजन दुप्पट धरावे, हा युक्तिवाद वेग वाढवतानाच लागू पडतो. तोही रिमला (चाकाच्या बाहेरच्या कड्याला) जितका लागू पडतो तितका स्पोकला नाही, कारण स्पोकचे वजन हबपासून (चाकाच्या मधल्या तुंब्यापासून) रिमपर्यंत विभागलेले असते.

प्रतिसाद १: आपण केवळ तराजू पाहिला आहे. स्पोक सहसा एका धक्क्याने तुटत नाही. चाकाच्या प्रत्येक फेरीत जमिनीजवळ येणाऱ्या स्पोकचा ताण उतरतो व पुन्हा चढतो, आणि अशा लाखो फेऱ्यांनंतर हबच्या भोकाशी असलेल्या वाकणात धातू थकतो. बारीक स्पोक अधिक ताणला जात असल्यामुळे खड्ड्यात रिम दबली तरी तो पूर्ण सैल पडत नाही. शिवाय चाकाचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने वारा कापत असतो, तिथे चपटेपणा उपयोगी पडतो.

धागाकर्ता: थकव्याचा मुद्दा मान्य आहे, परंतु तो मध्यभागी १.५ मिलिमीटरच्या गोल ‘सापिम लेझर’लाही तितकाच लागू होतो. त्याचे वजन जवळजवळ तेवढेच आणि किंमत बरीच कमी. म्हणजे जादा पैसे फक्त वाऱ्यासाठी; आणि सिंहगडाच्या चढावर, ताशी दहा किलोमीटरच्या वेगात, वारा असा कितीसा आडवा येणार?

प्रतिसाद २: मी चाके बांधतो, म्हणून एक अडचण सांगतो. निपल (स्पोकच्या रिमकडील टोकाचा छोटा नट) आवळताना बारीक गोल स्पोक स्वतःच पिळवटतो, तो पीळ पहिल्याच फेरफटक्यात सुटतो आणि चाक आउट होते, म्हणजे डगमगत फिरते. चपटा स्पोक खाचेच्या हत्याराने धरून ठेवता येतो, शिवाय पीळ डोळ्यांना दिसतो. खरे सांगायचे तर हा फायदा आधी बांधणाऱ्याचा आहे. नव्वद किलोंच्या वरच्या स्वाराला मात्र मी थोडेच आणि सगळे बारीक स्पोक देत नाही, कारण चाक आडवे लवचिक होते. मागच्या चाकात डाव्या बाजूचा ताण उजवीच्या निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे उजवीकडे जाड आणि डावीकडे बारीक ही जोडी मला अधिक पसंत आहे.

धागाकर्ता: मग माझे ठरले: मागे उजवीकडे १.८ चे, बाकी सगळीकडे लेझर. पीळ काढायला तासभर जास्त लागला, तर त्याची मजुरी मी आनंदाने देईन.