पावसाळ्यात टॉवेलला येणारा कुबट वास : तुमचे अनुभव लिहा

जून उजाडला की ठाणे काय नि नवी मुंबई काय, धुतलेला टॉवेलही अंग पुसताना कुबट वास मारतो. ब्लीच न वापरता कुणी काय केलं? नुसता वास गेला की काळे ठिपकेही गेले, तेवढं वेगळं लिहा.

नेरूळ
पांढरा व्हिनेगर. अर्धी बादली कडकडीत पाणी, त्यात एक कप, टॉवेल तासभर भिजत. मग धुऊन, पुढच्या पाण्यात अर्धी वाटी खायचा सोडा. दोन्ही एकदम ओतू नका. फेस झकास येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, काम कुणीच करत नाही. व्हिनेगर ब्लीचमध्ये तर कधीच नको, क्लोरिन वायू सुटतो.

ऐरोली
वास जातो, मान्य. ठिपके नाही जात! लिंबू-मीठ चोळून उन्हात टाकले तर पांढऱ्या टॉवेलवरचे फिकट होतात, एवढंच. बुरशीचा रंग सुतात मुरला की सुटत नाही. रंगीत टॉवेलवर लिंबू नको, तिथलाच रंग उडतो.

घोडबंदर रोड
मशीनकडे बघा आधी. फ्रंट लोडच्या दाराचं रबर बोटाने उलटून पाहा, घडीत काळा बुळबुळीत थर असतो. आमच्याकडे वासाचं मूळ तिथेच होतं. सोड्याच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने रबर पुसतो, पावडरचा कप्पा काढून घासतो, अधूनमधून मशीन रिकामीच गरम पाण्यावर फिरवतो. धुणं झालं की दार उघडं. पावडर सढळ हाताने घालणं बंद केलं, कारण न निघालेला साबण सुतात राहतो आणि बुरशीला तेच खाद्य. सुगंधी सॉफ्टनरही बंद. त्याचा थर बसून टॉवेल पाणीच टिपेनासा होतो.

कामोठे, भाड्याची खोली, चार मुलगे
ओला टॉवेल गादीवर फेकणाऱ्याने सगळ्यांचे धुवायचे. हा नियम व्हिनेगरपेक्षा स्वस्त.

कळवा
सासूबाईंनी पावसाळ्यापुरते पंचे काढले. पातळ विणीचा पंचा पंख्याखाली रातोरात वाळतो. टर्किश टॉवेलचे फासे पाणी धरून बसतात. लग्नात आलेले सगळे टर्किश आता माळ्यावर, दिवाळीपर्यंत.

खारघर
बाळाच्या टॉवेलला व्हिनेगर चालेल का?

नेरूळ
चालतो हो, पण नंतर दोन पाण्यांनी नीट खळबळा.

कोपरी
खाडीचा दमटपणा, त्यात ड्राय बाल्कनीला ऊन नाही. टॉवेल दुहेरी घडी न घालता दोन दांड्यांवर मोकळा पसरते आणि खाली टेबल फॅन लावते. हाताला कोरडा लागला तरी काठ चाचपून बघा. तिथली शिवण जाड असते, ओल तिथेच राहते आणि वास तिथून सुरू होतो. मी घडी घालण्याआधी चारही काठांवरून गरम इस्त्री फिरवते.