फ्लॅटमध्ये ओल्या कचऱ्याचं खत: वास येतोय, अळ्या झाल्यात

गॅलरीतली_बाग
पुण्यात चौथ्या मजल्यावर २ बीएचके, घरात चार माणसं. २० लिटरच्या बादलीत ओला कचरा जिरवायला घेतलाय. तळाला भोकं नाहीत, झाकण घट्ट, रोज वरून मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा). दोन आठवड्यांत कुजका वास सुटला आणि अळ्या दिसायला लागल्या. बादली वाचेल का? शिळी भाजी, माशांचे काटे, लिंबाच्या साली यातलं काय चालतं? आणि चिप्सची पाकिटं, जुने सेल, फुटलेली ट्यूबलाइट कुठे द्यायची?

खतवाला
बादली नक्की वाचेल. भाज्यांच्या सालीदेठांत बहुतेक पाणीच असतं. ते तळाशी साचलं की खालचा थर हवेवाचून सडतो. तुमच्याकडे येतोय तो वास त्याचाच.

सगळं गोणपाटावर उपसा, निथळू द्या आणि जेवढा कचरा तेवढंच कोरडं कोकोपीट किंवा चुरलेली वाळकी पानं त्यात मिसळा. मग मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखादा थेंब दिसला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर आणखी कोरडं घाला, काहीच आलं नाही आणि मूठ सुटताच भुगा झाला तर पाणी शिंपडा.

बादलीच्या तळाला पेन्सिल जाईल एवढी ८-१० भोकं पाडा, कडेनेही दोन-तीन ओळी. कडेच्या भोकांना आतून मच्छरदाणीचा तुकडा लावा. तळात दोन इंच नारळाच्या शेंड्या घाला म्हणजे भोकं बुजत नाहीत. बादली दोन विटांवर, खाली ताटली. ताटलीत रोज पाणी दिसत असेल तर कोरडं कमी पडतंय असं समजा.

कचरा इंचभर चिरून टाका. एक वाटी कचऱ्याला किमान अर्धी वाटी कोकोपीट हवं. मूठभर फारच कमी आहे. आठवड्यातून दोनदा तळापासून उकरा, नुसतं वरवर ढवळून भागत नाही. विरजण म्हणून दोन मुठी तयार खत किंवा अर्धी वाटी आंबट ताक पुरतं. चार माणसांच्या घरी एक बादली साधारण तीन आठवड्यांत भरते आणि भरल्यावर मुरायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून तीन-चार बादल्या आलटून पालटून वापराव्या लागतात. एकाच बादलीत रोज ताजा कचरा पडत राहिला तर खत कधीच तयार होत नाही, आणि बहुतेक घरांतलं खत इथेच फसतं.

अळ्या जाड, चपट्या, करड्या-तपकिरी होत जाणाऱ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. चावत नाहीत, कचरा झपाट्याने संपवतात. नको असतील तर वर इंचभर कोकोपीटचा थर द्या आणि त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळा. कीटकनाशक मात्र फवारू नका, कुजवणारे जीवही मरतात. पांढरी बुरशी दिसली तर ती चांगली खूण आहे.

ओलासुका
काय चालतं ते सांगतो. लिंबाच्या साली थोड्या, बारीक करून. शिळी भाजी रस्सा निथळून, तीही कमीच, कारण तेल आणि मीठ जास्त झालं की कुजणं मंदावतं. भाताचा गोळा फोडून टाका. अंड्याची टरफलं चुरून. चहाचा चोथा उत्तम, पण साखर घालून उकळला असेल तर धुऊन घ्या, मुंग्या लागतात. काटे, हाडं, करवंट्या, आंब्याच्या कोयी गॅलरीतल्या बादलीत नकोत. ते कचरा न्यायला येणाऱ्या ताईंकडच्या ओल्या डब्यात द्या.

सुक्यातलं_सोनं
उरलेल्याचं मी लिहिते. चिप्सचं पाकीट म्हणजे प्लॅस्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. ते थर वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. तरी जागा सुक्याच्याच डब्यात. गोळा झालं तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतं. दुधाच्या पिशवीला मात्र भाव आहे. कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीलाच लटकता ठेवा, कारण तेवढा तुकडा वेगळा कुणी वेचू शकत नाही. धुऊन वाळवून द्या. रद्दीत दह्याचा एक डबा न धुता गेला की सगळा कागद भिजतो आणि त्याचा भाव उतरतो. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताईंना सुका कचरा विकून मिळणारे पैसे ही त्यांची स्वतःची कमाई आहे. आपल्या दोन मिनिटांच्या आळसाची किंमत त्या मोजतात.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा आणि वेगळे द्या, म्हणजे हाताने वर्गीकरण करणाऱ्या ताई ते न उघडता बाजूला काढतात.

सेल कुठल्याच रोजच्या डब्यात टाकू नका. लिथियमच्या सेलची दोन्ही टोकं चिकटपट्टीने झाका. गाडीत दाबले गेले तर पेट घेतात. ते आणि जुने चार्जर ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलन केंद्रात किंवा संकलन मोहिमेत द्या. तारा उघड्यावर जाळून तांबं काढणाऱ्याला नकोत, तो धूर विषारी असतो.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एलईडी नसलेल्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. फुटली तर पंखा बंद, खिडक्या उघड्या, १०-१५ मिनिटं खोलीबाहेर. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे उचला, भुगा चिकटपट्टीने आणि ओल्या कागदाने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत भरून वर ‘पारा’ लिहा आणि घातक कचरा म्हणून वेगळं द्या.

गॅलरीतली_बाग
तिघांचेही आभार. भोकं पाडून घेते. पावसाळ्यात झड आत येते, तेव्हा काय? आणि खत झालं हे कसं ओळखायचं?

खतवाला
झड येते त्या बाजूला बादली ठेवू नका, आणि कडेची भोकं बाहेरच्या बाजूला उतरती पाडा म्हणजे पाणी आत शिरत नाही. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून वापरत असाल तर पावसाळ्यात ते थांबवा. कोरडा भुगा घ्या आणि बंद पिशवीत ठेवा. खत झालं की गडद तपकिरी, भुसभुशीत दिसतं, मातीसारखा वास येतो आणि साली ओळखू येत नाहीत. खात्री नसेल तर मूठभर ओलसर खत दोन दिवस पिशवीत बांधून ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा कुजका वास आला तर आणखी दोन आठवडे मुरू द्या. मग चाळा, वर राहिलेलं नव्या बादलीत विरजण म्हणून टाका. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत पुरे.