लाँग लाँग नसलेल्या जुन्या कंपायलरवर एसक्यूलाइट ३

जुनाडबा: एक जुनी ३२ बिट युनिक्स मशीन आहे, तिच्यावरचा सी कंपायलर फक्त सी८९ (सी भाषेचं १९८९ चं स्टँडर्ड) वाला, म्हणजे लाँग लाँग (६४ बिटचा इंटिजर टाइप) त्याला माहीतच नाही. एसक्यूलाइट ३ (डेटाबेस लायब्ररी) टाकतोय तर पहिल्याच टाइपडेफला एरर. मग SQLITE_INT64_TYPE ला (६४ बिट इंटिजरसाठी कुठला टाइप वापरायचा ते सांगणारा मॅक्रो) long दिलं तर कंपाइल झालं पण शिफ्टच्या (बिट सरकवण्याच्या) वॉर्निंग ढिगाने येतायत. चालेल का असंच?

बिटकिडा: रोआयडी (टेबलातल्या प्रत्येक ओळीचा नंबर) ३२ बिटचा करायचा एक ऑप्शन आहे बघ, SQLITE_32BIT_ROWID, तो लाव आणि वॉर्निंगकडे दुर्लक्ष कर.

मेकफाइल: अहो नका सांगू असं काही. त्याने फक्त रोआयडीची मर्यादा २१४७४८३६४७ वर येते, बाकी सगळीकडे ६४ बिट इंटिजर लागतोच. तारखांचंच घ्या, ज्युलियन दिवस (प्राचीन काळापासून सलग मोजलेले दिवस) आतमध्ये मिलिसेकंदात ठेवतात, आजची तारीखच २०० लाख कोटीच्या वर जाते, ती ३२ बिटात कुठून मावणार. आणि त्या वॉर्निंग उगाच नाहीत, सगळ्यात मोठा इंटिजर बनवताना ते ३२ घरं डावीकडे शिफ्ट करतात, टाइपच ३२ बिटचा असेल तर सी मध्ये त्याला काही अर्थच उरत नाही, कंपायलर वाट्टेल ते देईल. कंपाइल होणं आणि चालणं यात फरक आहे राव.

त्यापेक्षा जुना जीसीसी (जीएनयूचा सी कंपायलर) मिळतोय का बघा, २.९५ सुद्धा चालेल, लाँग लाँग त्यात एक्स्टेन्शन म्हणून आहे.

जुनाडबा: जीसीसी मिळाला, ऑब्जेक्ट फाइली पण झाल्या, आता लिंक करताना __divdi3 सापडत नाही म्हणतोय 🙄

मेकफाइल: थेट ld ने (नुसत्या लिंकरने) लिंक करताय ना? ६४ बिटचा भागाकार ३२ बिट प्रोसेसरवर एका इन्स्ट्रक्शनमध्ये होत नाही, त्याचं फंक्शन (हेच ते __divdi3) लिबजीसीसीत, म्हणजे जीसीसीच्या मदतनीस लायब्ररीत असतं. लिंक पण gcc नेच करा, तो आपोआप जोडतो. प्रिंटएफला %lld (लाँग लाँग छापायचा फॉरमॅट) येत नसेल तरी टेन्शन नाही, एसक्यूलाइटचा स्वतःचा प्रिंटएफ आहे.

शून्यपॉइंटर: यात भर म्हणून, कोडमध्ये ही ओळ टाकून ठेव, टाइप छोटा निघाला तर कंपाइलच होणार नाही:

typedef char tapas[sizeof(sqlite3_int64)==8 ? 1 : -1];

आणि जीसीसी नसताच मिळाला तर जुनं एसक्यूलाइट २.८ होतं, त्यात रोआयडी ३२ बिटचाच, पण फाइल फॉरमॅट वेगळा, ३ ची फाइल त्यात उघडत नाही.

जुनाडबा: gcc ने लिंक झालं. SELECT 3000000000+3000000000 चं उत्तर ६०००००००००, बरोबर. तारखा पण नीट येतायत 👍