शेतावरचा वारसा कर : मंडळाने पत्रावर सही करावी का?

प्रेषक : सुहास
रविवार, 11 जानेवारी 2026

मंडळी, नमस्कार.

आपली जूनमधली सहल ज्या आजोबांच्या शेतावर होते, त्यांनी काल मला बोलावून घेतलं. त्यांच्या भागातले शेतकरी खासदाराला पत्र देणार आहेत. इथे ब्रिटनमध्ये शेतजमिनीवर नव्याने येणारा वारसा कर पूर्ण मागे घ्या, एवढीच मागणी आहे. 'तुमचं मराठी मंडळ सही करेल का?' असं त्यांनी विचारलं.

माझ्या मते करावी. माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, मुलगा पहाटे चारला उठून गाईंचं बघतो. जमिनीची किंमत कागदावर भरमसाट, पण ती हातात येते विकल्यावरच. आणि विकली की शेती संपली. वर्षाचं उत्पन्न बघितलं तर आपल्यातले कितीतरी जण त्यांच्याहून जास्त कमावतात. मी मूळचा शिरूरकडचा, त्यामुळे त्यांचं बोलणं मला घरातलंच वाटलं. 19 नोव्हेंबर 2024 ला लंडनमध्ये व्हाइटहॉलला याच कराविरुद्ध शेतकरी जमले होते, तेव्हाही भर थंडीत मी त्यांच्याबरोबर उभा होतो.

कार्यकारिणीची बैठक 25 तारखेला आहे. कुणाची हरकत असेल तर इथेच लिहा.

सुहास

प्रेषक : निखिल
सोमवार, 12 जानेवारी 2026

सुहासकाका,

हरकत आहे. आजोबांबद्दल मलाही आपुलकी आहे, पण पत्रातली मागणी मला पटत नाही.

1992 पासून इथे स्वतः कसलेल्या शेतजमिनीवर वारसा कर जवळजवळ शून्य होता, मग जमीन 50 एकर असो की 5,000. म्हणून ज्यांनी आयुष्यात नांगर पाहिला नाही अशा श्रीमंतांनी कर चुकवण्यासाठी जमिनी घेतल्या, आणि त्यांच्यामुळे जमिनीचे भाव शेतीला परवडेनासे झाले. 30 ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी ही सूट पहिल्या 10 लाख पौंडांपुरतीच पूर्ण ठेवली. त्यावरच्या रकमेला निम्मी सूट, म्हणजे 40 टक्क्यांऐवजी 20 टक्के कर, तोही 10 वर्षांत बिनव्याजी हप्त्यांनी. शेतकऱ्यांनी वर्षभर आंदोलन केलं, आणि गेल्या 23 डिसेंबरला सरकारने ती मर्यादा 25 लाख पौंडांवर नेली. नवरा-बायको मिळून 50 लाख. 6 एप्रिलपासून हे लागू होईल. आजोबांचं शेत बहुधा यात बसून जाईल.

आकड्यांवरून जी भांडणं झाली, त्यात दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजत होत्या. सरकार म्हणत होतं, वर्षाला साधारण 500 मालमत्तांना झळ बसेल. जमीनमालकांची संघटना म्हणत होती, 70,000 शेतांना. पहिला आकडा एका वर्षात वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तांचा, दुसरा आज ना उद्या जी शेतं वारसांकडे जातील त्या सगळ्यांचा.

वारसाहक्काने मिळालेलं घर करमुक्त मर्यादेच्या वर गेलं तर नर्सचा मुलगाही कर भरतो. मग 5,000 एकरवाल्याने का भरू नये?

निखिल

प्रेषक : मेधा
शुक्रवार, 16 जानेवारी 2026, कोथरूड, पुणे

सुहास, निखिल आणि सर्व मंडळी,

संक्रांतीचा तिळगूळ इथूनच घ्या. चार दिवस गावी होते, सासवडच्या पुढे, म्हणून उत्तराला उशीर झाला. बाबा गेले त्याला सव्वा वर्ष झालं. वारस नोंदीसाठी मी आले आहे. तुमचे दोन्ही मेल ओट्यावर बसून वाचले आणि भावालाही वाचून दाखवले. शेजारच्यांच्या रानातून हुरडा आला होता, सगळे तिथेच बसलेले. भावाने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'म्हणजे हा कर भरायचा कुणी? जो कसतो त्याने, की ज्याच्या नावावर आहे त्याने?'

तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

आपल्याकडेही वारसा कर होता. 1953 साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना तो आला. वरचे दर पुढे 85 टक्क्यांपर्यंत गेले, पण वसुली इतकी तुटपुंजी आणि खर्च इतका मोठा की 1985 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो बंद केला. शेतजमिनीवरचा असा कर घटनेने राज्यांच्या यादीत ठेवला आहे, म्हणजे मनात आणलं तर महाराष्ट्राची विधानसभा तो लावू शकते. कुणी लावलेला नाही. 40 वर्षं झाली, आमच्या तालुक्यात माणूस गेला म्हणून जमिनीवर सरकारला एक रुपया द्यावा लागत नाही.

मग आमच्या जमिनी टिकल्या का? माझ्या आजोबांच्या नावावर 24 एकर होती. चार भावांत वाटणी होऊन बाबांकडे 6 आली. आता सातबारावर आई, भाऊ, मी आणि धाकटी बहीण, चौघांची नावं लागतील. हे आमच्याच घरात घडलं असंही नाही. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे 1970-71 मध्ये सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती, 2015-16 मध्ये 1.34 उरली. हे सगळं कराविना झालं.

सुहास, त्या सहलीच्या शेतावरच्या आजोबांना मुली आहेत का? विचारते, कारण इंग्लंडमध्ये मृत्युपत्र करून सगळं शेत एकाच मुलाला देता येतं आणि बऱ्याच घरांत तसंच होतं. म्हणून शेत अखंड राहतं. बाकीच्या मुलांच्या वाट्याला काय येतं, हे त्या ट्रॅक्टरच्या मोर्चांत मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आपल्याकडे कायदा मुलींच्या बाजूचा आहे. महाराष्ट्राने 1994 मध्येच वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मतः हक्क दिला, 2005 मध्ये तो देशभर झाला, आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 2005 ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क बुडत नाही. आणि घरात काय होतं? मी पोचले त्या संध्याकाळी चुलतभावाने टाइप केलेलं हक्कसोडपत्र पुढे ठेवलं. बाजूला आत्या बसली होती. ती म्हणाली, 'मी केली होती सही. सही केली की माहेर राहतं.' तिचं लग्न होऊन पन्नासच्या वर वर्षं झाली. दर दिवाळीला साडी मिळाली, मुलांच्या लग्नात आहेर मिळाला. ती खरंच समाधानी आहे, तिला मी काय सांगणार?

मला त्या दीड एकराची गरज नाही. लेस्टरमध्ये घर आहे, नोकरी आहे. मी सही केली असतीही. पण धाकटीला गरज आहे. मेहुणे दोन वर्षं आजारी आहेत, तिच्या घरात पैसा लागतो आहे. 'थोरलीने सोडलं, इंग्लंडहून येऊन सोडलं, मग तुला काय झालं?' हे तिला ऐकवलं जाणार. माझ्या सहीचं वजन तिच्यावर पडणार. तिने मला काही सांगितलेलं नाही. फोनवर फक्त विचारलं, 'तू काय करणार आहेस?'

भावाची बाजूही तितकीच खरी आहे. तीस वर्षं तो ती जमीन कसतो आहे. वाटाणा, सीताफळ, दोन गाई. बाबांच्या नावाचा सातबारा तसाच राहिला म्हणून सोसायटीचं पीककर्ज त्याला काढता येत नाही, आणि पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपयेही जमीन ज्याच्या नावावर त्यालाच. चौघांची नावं लागली की प्रत्येक कर्जाला चौघांच्या सह्या, त्यातली एक परदेशातून मागवायची. म्हणजे माझा हक्क हा त्याच्या मानेवरचा बोजाही आहे, हे मला गावी गेल्यावर कळलं. त्याआधी कधी मनातही आलं नव्हतं.

आणि भाव! होऊ घातलेल्या पुरंदर विमानतळासाठी ज्यांची जमीन जाणार त्या 7 गावांत आमचं गाव नाही, पण त्या बातमीने आमच्याकडेही लोक आता एकराचा भाव सांगत नाहीत, गुंठ्याचा सांगतात. बाजारभावाने कर लावला तर वाटाणा विकून तो भरता येणारच नाही, रान विकावं लागेल. इथे सुहासचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

पण निखिलचंही पटतं. कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. तरी सासवडच्या रस्त्याला, मुळशीला, पानशेतकडे जाऊन बघा. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यात वडिलांच्या नावावर चार गुंठे असतात, त्यावर शेतकरी म्हणून दाखला मिळतो, मग इथे कुंपण, लॉन आणि वॉचमन. वरून शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्याला कसली मर्यादाही नाही. तुझे 5,000 एकरवाले आपल्याकडे अशा रूपात आहेत, निखिल.

म्हणून माझं म्हणणं असं. 'कर पूर्ण मागे घ्या' या मजकुरावर मंडळाने सही करू नये. जो स्वतः कसतो, ज्याचं घर शेतीवरच चालतं, त्याला सूट राहावी, आणि नुसती जमीन धरून बसलेल्याला ती मिळू नये, असं पत्र असेल तर मी पहिली सही करेन.

आणखी एक विनंती, पत्राइतकीच मनापासून. आपल्यातल्या किती जणांची नावं इकडे सातबारावर आहेत? किती जणांच्या वडिलांची अजून तशीच आहेत? महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उतारा तिथूनही दिसतो, डिजिटल सहीचा हवा तर 15 रुपये लागतात. बघा, आणि तुमच्या वाट्याची जमीन आज कोण कसतंय त्याला फोन करा. गेल्या वर्षी सरकारने मृत खातेदारांच्या जागी वारस लावायला 'जिवंत सातबारा' मोहीम काढली होती. मी तेव्हा आले नाही. यायला हवं होतं.

मेधा

प्रेषक : निखिल
शनिवार, 17 जानेवारी 2026

मेधामावशी,

तुमचा मेल दोनदा वाचला. पत्राचा मजकूर बदलला तर माझीही सही घ्या.

एक महत्त्वाची गोष्ट, तुमच्यासाठी आणि ज्यांची तिकडे जमीन आहे त्या सगळ्यांसाठी. 6 एप्रिल 2025 पासून नियम बदलला आहे. गेल्या 20 करवर्षांपैकी 10 वर्षं जो ब्रिटनमध्ये राहिला, त्याची जगभरातली मालमत्ता इथल्या वारसा कराच्या हिशेबात येते. पुरंदरची दीड एकरसुद्धा. आणि शेतजमिनीची ही सूट 2024 पासून फक्त ब्रिटनमधल्या जमिनीला मिळते. म्हणजे ज्या सवलतीवर आपण वाद घालतोय, ती आपल्या गावच्या रानाला लागूच नाही. भारताशी वारसा कराबाबत 1956 चा एक करार आहे, तो अजून रद्द झालेला नाही. पण त्याचा फायदा मरणसमयी ज्याचं कायमचं घर कायद्याने भारतातच मानलं जातं त्याला. इथे स्थायिक झालेल्यांनी त्यावर विसंबू नये.

हक्क सोडणं हे इथल्या कायद्याच्या नजरेत भावाला दिलेलं दान ठरू शकतं. दान देणारा त्यानंतर 7 वर्षं जगला तर ते हिशेबाबाहेर जातं. मात्र मृत्यूपासून 2 वर्षांच्या आत योग्य मजकुराचा लेख केला तर ते वडिलांकडूनच भावाला गेलं असं धरता येतं. तुमची सव्वा वर्षं झाली आहेत, म्हणजे वेळ आहे. घाईने काही लिहून देऊ नका, आधी इथल्या वकिलाला दाखवा.

आणि जमीन भावाला द्यायची असेल तर परदेशी नागरिक असलात तरी अडचण नाही. आपल्याला तिकडे शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला देता येते.

निखिल

प्रेषक : सुहास
सोमवार, 19 जानेवारी 2026

मेधा,

आजोबांना विचारलं. दोन मुली आहेत. एक शाळेत शिकवते, दुसरी न्यूझीलंडला. मी विचारल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'त्यांना कधी विचारलं नाही.'

पत्राचा नवा मजकूर निखिल आणि मी बसून लिहितो. 'पूर्ण मागे घ्या' हे वाक्य काढलं आहे. आजोबांना तो मजकूर आधी दाखवीन. त्यांना तो नको असेल तर मंडळाचं पत्र वेगळं जाईल, पण त्यांच्याशी बोलूनच.

आमचा शिरूरचा सातबारा काल पाहिला. वडील जाऊन 11 वर्षं झाली, नाव त्यांचंच आहे. कसतो पुतण्या. त्याला आज फोन केला.

सुहास

प्रेषक : मेधा
गुरुवार, 22 जानेवारी 2026, पुणे

सर्वांना,

हक्कसोडपत्रावर सही केली नाही. वारस नोंदीचा अर्ज चौघांच्या नावाने दिला आहे. भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला आणि वहिनीला समोर बसवून सांगितलं : नोंद होऊ दे, मग जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे रीतसर वाटप करू. धाकटीचं दीड एकर तिचं, ते तिने ठेवावं की तुला विकावं हे तिचं ती ठरवेल, आणि विकलं तर आजच्या भावाने. माझं तुला, पण वहिनीचंही नाव लावायचं. 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीत हेच मागितलं होतं, बायकोचं नाव सातबारावर. बाबा त्या सभांना जायचे. आईचं नाव मात्र त्यांनी लावलं नाही.

वहिनी काही बोलली नाही. रात्री चुलीपाशी हळूच विचारलं, 'माझं नाव लावायला काय कागद लागतात?'

निखिल, वकिलाचा पत्ता पाठव, परत आल्यावर लगेच भेटते.

फेरफाराची नोटीस चावडीवर लागली आहे. हरकतीची मुदत 15 दिवस आहे, म्हणून तिकीट पुढे ढकललं. धाकटी रविवारी येते आहे. आत्यालाही बोलावलं आहे.

मेधा