क्रूझ जहाजावरील हॉटेल विभागाची नोकरी : मुलाला पाठवण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

तळकोकणी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही कुडाळजवळ राहतो. माझ्या धाकट्या मुलाने हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेतली असून सध्या तो गोव्यातील एका हॉटेलात वाढपाच्या विभागात काम करतो. त्याच्या बरोबरीची काही मुले क्रूझ जहाजांवर गेल्यामुळे त्यालाही तीच ओढ लागली आहे. बोटीवर जाणे आमच्या भागाला नवीन नाही. परंतु आमच्या नात्यातील जी माणसे बोटीवर होती ती मालवाहू जहाजांवर, डेकवर किंवा इंजिनात होती, आणि त्यांच्या सांगण्यावरून प्रवासी जहाजावर वाढप्याचा दिवस कसा जातो याची कल्पना येत नाही.

मला मुख्यतः तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. रोजचे काम किती तास असते आणि विश्रांती खरोखर मिळते का. राहण्याची व्यवस्था कशी असते. आणि नवी मुंबईतील एका एजंटाने ‘प्रोसेसिंग’ म्हणून अडीच लाख रुपये मागितले असून पंधरा दिवसांत नेमणुकीचे पत्र देतो असे सांगितले आहे, तर ते पैसे द्यावेत की नाही. मुलगा मेहनती आहे, त्याला अडवण्याची माझी इच्छा नाही. मात्र काय पदरात पडणार आहे हे त्याला आणि आम्हालाही आधी ठाऊक असावे, असे वाटते.

ठाण्याचा वाढपी (प्रतिसाद)

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते मी लिहितो, कारण अमेरिकेच्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर मी काही वर्षे डायनिंग विभागात होतो.

करार साधारणपणे सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या संपूर्ण काळात साप्ताहिक सुट्टी नसते. रोजचे काम दहा-अकरा तासांचे असते, पण ते सलग नसून न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण अशा तीन तुकड्यांत विभागलेले असते. मधल्या दीड-दोन तासांतच झोप, कपडे धुणे, घरी फोन आणि स्वतःचे जेवण बसवावे लागते. हॉटेलात काम केलेल्या मुलाला काम अवघड जात नाही. त्याला नवे असते ते हे, की पाळी संपल्यावर त्याच इमारतीत झोपायचे असते आणि दुसऱ्या दिवशीही तीच माणसे समोर असतात.

सर्वांत कठीण दिवस म्हणजे टर्नअराउंड डे. ज्या बंदरातून फेरी सुरू होते तेथे सकाळी काही हजार प्रवासी उतरतात आणि दुपारपासून तितकेच नवे चढतात. खालच्या मजल्यावरून जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा एक रुंद मार्ग असतो, ज्याला कर्मचारी अमेरिकेतील महामार्गाच्या नावावरून ‘आय-९५’ म्हणतात. त्या दिवशी तेथे बॅगांचे पिंजरे, भाजी-मांसाचे पॅलेट, धुण्याच्या गाठी आणि फोर्कलिफ्ट यांतून वाट काढत वाढपी न्याहारीकडून बुफेकडे आणि बुफेकडून सुरक्षा-कवायतीकडे जात असतात. रात्री जेवणाच्या दालनात नवे प्रवासी पहिल्यांदा बसतात तेव्हा त्यांना ताजेतवाने चेहरे दिसायला हवे असतात. प्रवाशांची पहिली ओळख त्याच जेवणात होते आणि त्यांनी भरलेल्या अभिप्रायावर पुढील बढती पुष्कळ अवलंबून असते.

स्वच्छतेबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण नवीन मुले तेथेच गांगरतात. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची तेथील आरोग्य खात्याकडून पूर्वसूचना न देता तपासणी होते. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण पडले तर जहाज अनुत्तीर्ण ठरते आणि हे गुण जाहीर केले जातात. कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात या तपासणीला ‘यूएसपीएच’ म्हणतात. साधे टेबल पुसण्यासाठीही लाल बादलीत साबणाचे पाणी, राखाडी बादलीत स्वच्छ पाणी आणि पांढऱ्या बादलीत जंतुनाशक असते, आणि हा क्रम चुकवून चालत नाही. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, गरम पदार्थ ५७ अंशांच्या खाली येऊ द्यायचे नाहीत. नोरोव्हायरसची, म्हणजे उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूची, साथ बंद जहाजात किती वेगाने पसरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या नियमांचा जाच वाटत नाही. पुढे कोणत्याही मोठ्या हॉटेलात उपयोगी पडणारी शिस्त मला येथेच लागली.

विश्रांतीबाबत कायदा स्पष्ट आहे. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. रोजच्या विश्रांतीचे दोनहून अधिक तुकडे करता येत नाहीत आणि त्यातील एक तुकडा किमान ६ तासांचा असावा लागतो. कामाच्या तासांची नोंद होते आणि कर्मचारी तिच्यावर सही करतो. काही ठिकाणी वरिष्ठ ‘तास जुळवून घे’ असे सुचवतात. मुलाला निक्षून सांगा की त्याने खरे तेच तास भरावेत आणि वाचल्याशिवाय सही करू नये. तक्रार करण्याची वेळ आली तर ती नोंदच कामाला येते.

बंदरात उतरता येते का, असे पुष्कळजण विचारतात. उतरता येते, पण दोन पाळ्यांमधल्या वेळेतच. शिवाय आणीबाणीसाठी कर्मचाऱ्यांचा ठराविक गट प्रत्येक बंदरात आळीपाळीने जहाजावरच थांबवला जातो. कॅरिबियनमधील एखाद्या बेटाची आठवण म्हणजे बहुतेकदा धक्क्याजवळचे फुकट वायफायचे दुकान, आणि त्या काळात आम्हाला तेही पुरेसे वाटे.

वसईकर ताई (प्रतिसाद)

मी हाउसकीपिंगमध्ये केबिन अटेंडंट होते. काका, वरच्या प्रतिसादात कामाविषयी नीट लिहिले आहे, म्हणून मी राहण्याविषयी लिहिते, कारण माझ्या मते मुले कामाने जितकी थकत नाहीत तितकी केबिनने थकतात.

हॉटेल विभागातील कनिष्ठ कर्मचाऱ्यांची केबिन बहुधा पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा खाली असते आणि तिला खिडकी नसते. एकावर एक दोन बंक, दोन अरुंद कपाटे, एक छोटे टेबल आणि लहानसे न्हाणीघर एवढेच तिचे विश्व. बंकला पडदा असतो. तो ओढून घेतला की आतले जग तुमचे, आणि सहा-सात महिने एकांत म्हणायचा तो तेवढाच. केबिनमेट दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या विभागाचा आणि दुसऱ्या पाळीचा असू शकतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात दिवा, गजर आणि फोनवरचे बोलणे यांविषयी स्पष्ट बोलून घ्यावे. जेवणाची मात्र काळजी करू नये. फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारत येथील माणसे मोठ्या संख्येने असल्याने क्रू मेसमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात, भात रोज असतो आणि आमच्या जहाजावर डाळही बहुतेक रोज असे.

नियम कडक आहेत आणि ते मुलाला आधीच सांगावेत. प्रवाशांशी जवळीक करणे, मर्यादेपलीकडे दारू पिणे किंवा मारामारी करणे यांपैकी काही घडले तर पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवतात. मुलगी म्हणून मला या कडकपणाचा आधारच वाटला.

दुखणे लपवू नये, हे मी विशेष कळकळीने सांगते. गाद्या उचलून चादरी खोचताना कंबर आणि मनगटे जातात, आणि करार अर्धवट सुटेल या भीतीने मुली गोळ्या घेऊन काम करत राहतात. कराराच्या काळात उद्भवलेल्या आजाराच्या उपचारांची जबाबदारी जहाजमालकाची असते, पण जहाजावरील डॉक्टरकडे नोंदच नसेल तर घरी परतल्यावर ते सिद्ध करणे फार कठीण जाते.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. वाढपी असो वा सफाई करणारा, प्रत्येकाला आणीबाणीतील एक काम नेमून दिलेले असते: जिन्यावर वाट दाखवणे, लाइफजॅकेट देणे, मस्टर स्टेशनवर (आणीबाणीत जमण्याच्या जागी) माणसे मोजणे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकाला धडकले, त्यात ३२ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत मुंबईकडचा एक वाढपीही होता. त्याचे अवशेष नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडले. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधील योकोहामा येथे डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर कोविडमुळे प्रवाशांना केबिनमध्ये थांबवून ठेवले होते, तेव्हा त्यांच्या दारापर्यंत जेवण नेणारे कर्मचारी स्वतः मात्र दोघे-दोघे एका केबिनमध्ये झोपत होते. ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना त्या जहाजावर संसर्ग झाला. हे भीती घालण्यासाठी लिहिलेले नाही. कवायतीचा कंटाळा करणाऱ्या मुलाला ती कवायत कशासाठी असते हे कळावे, एवढ्यासाठी लिहिले.

निवृत्त क्रूइंग अधिकारी (प्रतिसाद)

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे : एक रुपयाही देऊ नये.

भारताने सागरी श्रम करार २०१५ मध्ये मान्य केला आणि त्यानुसार २०१६ चे भरती व नेमणुकीचे नियम आले. खलाशाला, म्हणजेच जहाजावर काम करणाऱ्या कोणालाही, नोकरी मिळवून देण्यासाठी त्याच्याकडून शुल्क घेता येत नाही. पारपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सीडीसी हे नाविकाचे नोंदपुस्तक यांचा खर्च उमेदवाराने करायचा असतो. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा असतो. मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाची फी उमेदवार मान्यताप्राप्त संस्थेला भरतो. ती एजंटाच्या हाती द्यायची नसते.

भारतातून भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे नाविकांच्या भरती व नेमणुकीचा, परवाना असावा लागतो. या महासंचालनालयाचे कार्यालय मुंबईत असून परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. एजंटाकडे परवाना क्रमांक मागा, आणि त्याने दिलेला क्रमांक व नाव यादीशी अक्षरशः जुळते का ते स्वतः पाहा, कारण परवानाधारकाच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन कार्यालय थाटणारे लोक आहेत. ‘आम्ही त्यांचे उपएजंट आहोत’ असे उत्तर आले तर थेट परवानाधारकाच्या नोंदणीकृत कार्यालयात जाऊन विचारावे. माझ्या नोकरीच्या काळात दागिने गहाण ठेवून पैसे भरलेले पालक मी समोर बसलेले पाहिले आहेत, आणि पैसे रोख दिलेले असल्यामुळे त्यांच्या हातात पावतीसुद्धा नव्हती.

खरी निवड मुलाखतीने होते आणि बहुतेक वेळा ती कंपनीचे लोकच घेतात. तीत इंग्रजी संभाषण, हॉटेलातील अनुभव आणि तणावात वागण्याची पद्धत पाहिली जाते. मुलगा हॉटेलात काम करतोच आहे, तर त्याने तेथील अनुभवपत्र व्यवस्थित करून घ्यावे.

तळकोकणी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एजंटाला आज परवाना क्रमांक विचारला, तर त्याने ‘तो नंतर देतो, आधी निम्मे पैसे भरा’ असे सांगितले. त्याच्याकडे आम्ही जाणार नाही, हे ठरले. आता पगारातून प्रत्यक्षात किती उरते आणि घरच्यांनी काय सांभाळायचे असते, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

मडगावची सून (प्रतिसाद)

माझे सासरे तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, होते आणि पतीही बोटीवर बार विभागात आहेत. मुंबईत धोबी तलावाला गोव्यातील गावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा, होत्या, तेथे बोटीची वाट पाहत माणसे दिवस काढत. सासऱ्यांची तरुणपणाची बरीचशी बोलणी त्या कुडीचीच आहेत. आता बोलावणे ईमेलने येते, मात्र घरच्या माणसांचे वाट पाहणे तसेच आहे.

पैशाबाबत तुम्ही महिन्याचा आकडा विचारण्याऐवजी वर्षाचा हिशेब करा. दोन करारांच्या मध्ये दीड-दोन महिने घरी असताना बहुतेकांना पगार नसतो, भविष्य निर्वाह निधीही सहसा नसतो. म्हणून आठ महिन्यांच्या कमाईत दहा महिने बसवावे लागतात, आणि घरी परतलेल्या माणसाकडून गावभर अपेक्षा असतात त्या वेगळ्याच. वाढप्याच्या मिळकतीत टिपचा वाटा मोठा असतो. हल्ली बहुतेक जहाजांवर ती प्रवाशाच्या खात्यात रोज आपोआप लागते आणि नंतर विभागांत वाटली जाते. करारात दाखवलेल्या हमीच्या रकमेत टिप धरलेली आहे की वेगळी, हे सहीपूर्वी विचारून घ्यावे. जहाजावर जेवण व राहणे फुकट असल्यामुळे खर्च फोन-इंटरनेट, क्रू बार आणि बंदरातली खरेदी यांवरच होतो, आणि नवीन मुलांचे पैसे तेथेच जातात.

करासाठी आर्थिक वर्षात भारताबाहेर किती दिवस राहिले हे महत्त्वाचे ठरते. परदेशी जहाजावरील नाविकाच्या बाबतीत ते दिवस सीडीसीतील चढण्या-उतरण्याच्या तारखांवरून मोजतात आणि भारतातील वास्तव्याची १८२ दिवसांची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. पहिल्याच वर्षी नाविकांची विवरणपत्रे भरणारा सनदी लेखापाल गाठा. आमच्या घरी प्रत्येक खेपेला निघण्यापूर्वी करारपत्र, सीडीसीची पाने, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि भरती संस्थेच्या कार्यालयाचा पत्ता यांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवतात. एकदा पतींना आजारपणामुळे मधेच उतरावे लागले तेव्हा ती फाइल घेऊन मी कार्यालयात गेले आणि त्यांच्या परतीच्या तिकिटाची व्यवस्था त्याच दिवशी सुरू झाली. मुलगा निघेल तेव्हा तशी एक फाइल तुमच्याकडेही असू द्या.