पायातील नसेच्या वेदनेचे मूळ कसे सापडले? (अनुभव धागा)

नागपुरात पायात कळ येऊ लागली की शेजारीपाजारी धंतोली-रामदासपेठेतील एखादा दवाखाना सुचवतात आणि रुग्ण बहुधा एमआरआयची फिल्म हातात घेऊनच तिथे पोहोचतो. या धाग्यात उपचारांपेक्षा निदानाविषयी लिहावे, अशी विनंती आहे: वेदना नेमकी कुठे व केव्हा होत असे, आधी कोणते कारण गृहीत धरले होते आणि खरे कारण कशामुळे कळले. डॉक्टरांची व रुग्णालयांची नावे कृपया टाळावीत. मात्र ज्यांना दोन्ही पायांत अचानक अशक्तपणा, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखे वाटत असेल, त्यांनी हा धागा वाचत न बसता त्याच वेळी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

महाल, शिक्षिका
माझ्या रिपोर्टमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फुगल्याचे ठळकपणे लिहिले होते आणि त्याखालच्या गादीविषयी जेमतेम अर्धी ओळ होती. न्यूरोसर्जनांनी फिल्म बाजूला ठेवून आधी कळ कोणत्या बोटापर्यंत जाते, ते विचारले. ती ढुंगणापासून पोटरीच्या मागून करंगळीपर्यंत जात होती, त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नव्हते आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तरी पाऊल हलत नव्हते. ही तिन्ही चिन्हे पहिल्या सेक्रल नसेची, म्हणजे खालच्या गादीची असल्याचे त्यांनी समजावले; वरच्या गादीने नस दाबली असती, तर बधिरपणा अंगठ्याकडे गेला असता आणि टाचांवर चालणे जड गेले असते. काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार वयाच्या विशीत सुमारे ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात. त्यामुळे फिल्मवर दिसलेली प्रत्येक फुगवटी दुखण्याचे कारण असतेच असे नाही, हे मला पटले. शस्त्रक्रिया न करता, व्यायाम आणि औषधांवर कळ ओसरली.

प्रतापनगर, निवृत्त बँक अधिकारी
शिक्षिकाताईंची कळ एका रेषेत जात होती. माझी जळजळ दोन्ही तळव्यांना सारखी, मोजे घातल्यासारखी घोट्यापर्यंत आणि रात्री अधिक होत असे. मधुमेह जुना असल्याने घरात सर्वांनी साखरेलाच दोष दिला, आणि तो पूर्णपणे चुकीचाही नव्हता. डॉक्टरांनी कंप पावणारा धातूचा चिमटा घोट्याला लावला तेव्हा मला कंप जाणवला नाही. आहार आणि औषधे विचारल्यावर त्यांनी बी-१२ ची तपासणी सांगितली, कारण मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि मी शाकाहारी असल्याने ती शक्यता आणखी वाढत होती. प्रमाण फारच कमी निघाले. इंजेक्शनांनी तोल जाणे थांबले, जळजळ निम्म्याने उरली आहे. ती साखरेची असावी, असे आता मानतो.

सीताबर्डी, वाहतूक पोलीस
मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढ्या भागात आग होई आणि पॅंटचे कापडही सहन होत नसे. गुडघ्याखाली काहीच नाही, पायाची ताकद शाबूत. त्या भागाला केवळ संवेदना देणारी नस जांघेजवळ दबते, असे कळले. घट्ट पट्टा आणि वाढलेले पोट ही दोन्ही कारणे माझ्याकडे होती. पट्टा सैल केला, वजनावर काम सुरू आहे.

उमरेड रोड, वडिलांविषयी
बाबा शेतकरी आहेत. पायातून चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे आणि पाऊल पुढून लोंबू लागले होते. मणक्याचा एमआरआय स्वच्छ आला. बराच काळ ‘उकिडवे बसून नस दबली’ असेच सांगितले गेले, आणि भाताच्या रोवणीत तसे होऊ शकते, म्हणून आम्हालाही ते खरे वाटले. अखेरीस एका त्वचारोगतज्ज्ञांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट फिरवून दोरीसारखी जाड झालेली नस शोधली आणि नडगीवरच्या फिकट चट्ट्याला कापूस लावून पाहिला. बाबांना स्पर्श कळला नाही. तो कुष्ठरोग होता. वर्ध्याचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन या कुष्ठरुग्णांसाठीच्या संस्था ज्या विदर्भात उभ्या राहिल्या, तिथेच ही शंका इतक्या उशिरा यावी, याचे मला आजही नवल वाटते. डिसेंबर २००५ मध्ये देशाने निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. पण त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच आहे, रोग संपला असा नाही. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळाली, १२ महिने घ्यावी लागली, शिवाय नसेच्या सुजेसाठी स्टेरॉइड दिले. पाऊल बरेचसे उचलले जाते, संवेदना मात्र परतलेली नाही.

गोकुळपेठ, नियमित फिरणारा
अंबाझरीच्या काठाने थोडे चालले की पोटऱ्या भरून येत आणि थांबावे लागे, म्हणून मीही सायटिका धरून बसलो होतो. नुसते उभे राहून बरे वाटते की बसावे, वाकावे लागते, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला. मला उभे राहिले तरी पुरे होई. मणक्यातील नळी अरुंद झालेल्या माणसाला बहुधा पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर आराम पडतो, तर रक्तवाहिनी अरुंद झालेल्याला चालणे थांबवले की पुरते. घोट्याजवळची नाडी क्षीण लागली, रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर तपासणीत मांडीतील धमनी अरुंद दिसली आणि धूम्रपान त्याच दिवशी बंद करावे लागले.