आयर्लंडच्या समुद्रकाठी आठवडाभर: जुनं दगडी कॉटेज घ्यावं का?

(वळचण, गारठा, निखारा आणि ओहोटी या टोपणनावांनी बोलणाऱ्या चौघांची चर्चा)

वळचण
कॉनेमारा, डोनेगाल किंवा डिंगलला आठवडाभर उतरायचं तर जुनं, गवताने शाकारलेलं कॉटेजच घ्यावं. साधारण दोन फूट जाड दगडी भिंती, चुन्याची सफेदी, एका ओळीत खोल्या. ही रचना तिथल्या वाऱ्याने ठरवली आहे. अटलांटिककाठी छपरावर दोरांचं जाळं टाकतात आणि दोर वळचणीखालच्या दगडी खुंट्यांना बांधतात, नाहीतर वादळात छप्पर उडेल. अनेक घरांत स्वयंपाकघराला समोरासमोर दोन दारं असतात. वाऱ्याकडचं बंद ठेवायचं, आडोशाच्या बाजूचं वापरायचं. हे घरात राहूनच समजतं. मोठ्या काचांच्या नव्या बंगल्यात फक्त समुद्र दिसतो.

गारठा
रचनेचं कौतुक मलाही आहे, पण एका आठवड्याच्या पाहुण्याला त्या भिंती छळतात. रिकाम्या घरातला गार दगड तापायला दोन-तीन दिवस लागतात. शनिवारी पोचलात तर सोमवारपर्यंत अंथरूण गारच. घराच्या पायामध्ये जमिनीतली ओल अडवणारा थर नसतो. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवला असेल, तर भिंतीत शिरलेलं पाणी अडकून पडतं. मग पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशी धरते. सोबत दमेकरी किंवा वयस्क असतील तर नवं घरच बरं.

वळचण
मग दोष सिमेंटचा, कॉटेजचा नव्हे. पैसे भरण्याआधी मालकाला विचारा: गिलावा चुन्याचा आहे का? आम्ही यायच्या आदल्या दिवशी हीटिंग लावाल का? चूल उघडी आहे की बंद लोखंडी स्टोव्ह? उघड्या चुलीची बहुतेक ऊब धुराड्यातून निघून जाते. स्टोव्ह असेल तर निम्मी तक्रार तिथेच मिटते. आणि ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. अर्धी ओल पाहुणेच आणतात.

निखारा
चुलीचं बोलताय तर इंधनाचंही बोला. टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेला पीट, हल्ली दुकानात मिळेल असं समजू नका. ऑक्टोबर २०२२ अखेरपासून त्याची दुकानातली आणि ऑनलाइन विक्री बंद आहे. धूर करणाऱ्या कोळशावरही देशभर बंदी आहे. मालकाने टर्फ ठेवला असेल तर उत्तम, नाहीतर धूर न करणारा कोळसा आणि सुकं लाकूड आणा.

पेटवताना खाली फायरलायटर आणि बारीक काटक्या, त्याभोवती टर्फचे चार-पाच तुकडे एकमेकांना टेकून उभे करा. आडवे रचले की हवा कोंडते आणि नुसता धूर होतो. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत काढून बाहेर ठेवा. आतले निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतात आणि डोक्यावर गवताचं छप्पर आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर चूल पेटवूच नका. यावर मी अजिबात तडजोड करणार नाही.

गारठा
बघा, सुट्टीत एवढा अभ्यास! शिवाय गरम पाण्याचं कोडं आहेच. टाकीच्या इमर्शनच्या, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या विजेच्या हीटरच्या, बटणावर ‘सिंक’ आणि ‘बाथ’ अशा दोन खुणा असतात. ‘सिंक’वर फक्त वरचं थोडं पाणी तापतं, ‘बाथ’वर पूर्ण टाकी. चार जणांनी ‘सिंक’वर आंघोळ काढली तर तिसऱ्यापासून गार पाणी.

ओहोटी
मधला मार्ग का नको? बॅलिव्हॉनसारख्या गावांत १९६८ पासून पर्यटकांसाठीच बांधलेली शाकारलेली कॉटेजेस आहेत. बाहेरून जुना बाज, आत नवी सोय.

वळचण
सोय असेल, पण तो देखावा झाला. दोन दारांचं शहाणपण तिथे नुसतं नक्षीला उरतं.

ओहोटी
आजीआजोबांना उबदार झोप मिळाली तर देखावाही चालेल. बाकी कुठलंही घर घ्या, गावाबाहेर सांडपाणी बहुधा सेप्टिक टाकीत जातं. फोडणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, ओले वाइप्स शौचालयात टाकू नका, ब्लीच बेताने वापरा, कारण टाकीतले जीवाणू मरतात. आणि ओमीसारख्या ओहोटीलाच चालत जाता येणाऱ्या बेटावर जायचं असेल तर भरतीचं वेळापत्रक नीट वाचा. ते ग्रीनिच वेळेत छापलेलं असेल, तर उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो, कारण तेव्हा तिथली घड्याळं तासभर पुढे असतात.